अकरा वर्षांचा ओरांडा गोल्डफिश तळाशी बसून असतो. त्याचे शेवटचे दिवस सुसह्य कसे करावेत?

गोदाकाठ (प्रश्न):
मुलगी पहिलीत असताना आम्ही ओरांडा जातीचा एक गोल्डफिश आणला होता. ती आता बारावीत आहे. गेल्या तीन आठवड्यांपासून तो शंभर लिटरच्या टाकीत एका कोपऱ्यात तळाशी बसून असतो. त्याचा रंग फिकट झाला आहे आणि उजव्या डोळ्यावर पांढुरकी झाक आली आहे. पूर्वी दाण्यांचा डबा हातात घेतला तरी जो काचेपाशी धावत येई, तो आता जागचा हलत नाही. म्हाताऱ्या माशाला त्रास नको, म्हणून आम्ही तीन महिने पाणीही बदललेले नाही. दुकानदार म्हणाले, फ्रीझरमध्ये ठेवा, झोपेतच जाईल. ते आम्हाला पटत नाही. आम्ही काय करावे?

जुनी टाकी:
ताई, फ्रीझरचा सल्ला कृपया मानू नका. गोल्डफिश मुळातच थंड पाण्यात तगून राहणारा मासा असल्यामुळे त्याची शुद्ध लवकर हरपत नाही.

हे म्हातारपणच आहे, असे मात्र इतक्यात ठरवू नका. चांगल्या पाण्यात गोल्डफिश दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला एक गोल्डफिश १९९९ पर्यंत जगला होता. मला आपल्या टाकीतील पाण्याची अधिक काळजी वाटते. महिनोन्महिने पाणी बदलले नाही की त्यातील कार्बोनेट क्षार संपत जातात, सामू (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, pH) घसरतो आणि माशाच्या शरीरातून पाण्यात येणाऱ्या विषारी अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू मंदावतात. अशा आम्लधर्मी पाण्यात साठलेला अमोनिया तुलनेने कमी विषारी रूपात राहतो. परंतु घाबरून एकदम अर्धी टाकी ताज्या पाण्याने भरली, तर सामू झटकन वाढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. कित्येक म्हातारे मासे असे पाणी बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी दगावतात आणि दोष वयाला दिला जातो. म्हणून आधी चाचणी संचाने अमोनिया, नायट्राइट आणि सामू तपासा. त्यानंतर रोज फक्त दहा लिटर पाणी बदला. ते टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचे असावे आणि त्यात अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवणारे द्रावण) घातलेले असावे.

काचघर:
वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. माझा नऊ वर्षांचा र्‍युकिन जातीचा गोल्डफिश शेवटचे दोन महिने असाच होता, त्या अनुभवावरून थोडे सांगते. पाण्याची पातळी कमी केली, तर अशक्त माशाला वर येण्याचे श्रम पडत नाहीत. मात्र पाणी कमी झाले की घाण लवकर साठते, हे लक्षात असू द्या. जोराचा प्रवाह सोडणारा फिल्टर काढून हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावा. तळाशी टोकदार खडे असतील तर तेही काढा, कारण सतत टेकून राहिल्याने पोटाला जखमा होतात. माशाला पापण्या नसतात, त्यामुळे टाकीवरचा दिवा बंद ठेवणे त्याला सुखाचे वाटेल. तरंगणारे दाणे देऊ नका. उकडून साल काढलेल्या मटाराचा बारीक तुकडा थेट तोंडापाशी न्या. त्याने नाही खाल्ला, तर पाच मिनिटांत काढून घ्या.

गोदाकाठ:
सामू ६ निघाला आणि अमोनियाही होता. सांगितल्याप्रमाणे रोज दहा लिटर पाणी बदलले. पाचव्या दिवशी तो स्वतः उठून पुढे आला आणि त्याने मटार खाल्ला. आम्हा सर्वांना फार आनंद झाला. परंतु कालपासून पोट फुगले आहे आणि वरून पाहिले की सगळे खवले उभे राहिलेले दिसतात.

जुनी टाकी:
हे वाचून वाईट वाटले. खवले असे उभे राहणे म्हणजे शरीरात पाणी साठणे. बहुधा मूत्रपिंडे काम करेनाशी झाली आहेत. तरुण माशातही यावर क्वचितच उपाय चालतो. माशांवर उपचार करणारे पशुवैद्य जवळ असतील, तर आजच त्यांना दाखवा. ते शक्य नसेल आणि त्याचे हाल थांबवायचे असतील, तर शुद्ध लवंगेचे तेल वापरावे. त्याच्याच टाकीतले चार लिटर पाणी एका भांड्यात घेऊन त्याला त्यात सोडा. तेल पाण्यात सहज मिसळत नाही, म्हणून आठ थेंब बाटलीभर कोमट पाण्यात जोराने घुसळा आणि ते मिश्रण पाच मिनिटांत हळूहळू ओता. तो आडवा होऊन स्पर्शालाही प्रतिसाद देईनासा झाला, की तशाच प्रकारे आणखी चाळीस थेंब घाला. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही किमान अर्धा तास त्याला पाण्याबाहेर काढू नका, कारण हालचाल थांबणे म्हणजे मृत्यू नव्हे.

गोदाकाठ:
आमच्याकडे माशांचे डॉक्टर मिळाले नाहीत. मुलीला विचारले, ती म्हणाली, उद्यावर ढकलू नका. काल संध्याकाळी तिनेच भांडे धरले आणि आम्ही पाऊण तास त्याच्याजवळ बसलो. तो जराही तडफडला नाही. त्याला गच्चीवरच्या तगरीच्या कुंडीत पुरले आहे.