मस्कीसाठी रील: जुनं ५.३ पुरे, की ८:१ घेऊ?

मिनेटोंकाकर

नमस्कार मंडळी. मुक्काम मिनेसोटा, नाद मस्कीचा, म्हणजे इथला मोठा शिकारी मासा गळाने धरायचा. माझ्याकडे रील (रॉडवरची, लाइन गुंडाळायची चक्री) एकच, आबू गार्सियाचं अँबॅसेडर ६५००, गिअर रेशो ५.३:१. बकटेल, बुलडॉग, सुइक, टॉपवॉटर, सगळी ल्युअर (नकली आमिषं) त्याच्यावरच. डबल टेन बकटेल (१० नंबरची दोन पाती) दुपारपर्यंत ओढलं की मनगट बोलायला लागतं. बुलडॉगची गंमत उलटी: रॉडने ओढ दिली की लाइन सैल पडते, ती गोळा करायला हँडल गरागरा फिरवावं लागतं आणि मासा नेमका तेव्हाच तोंड लावतो. हुक बसणार कसा?

दुकानातला माणूस म्हणतो, ८:१ घ्या, सगळे प्रश्न मिटतील. मला वाटतं अर्धे मिटतील आणि मनगटाचा वाढेल. बायको म्हणते, घरात रील आहे की. जाणकारांनी सांगावं.

पाणकोंबडा

डबल टेनला ८:१?? त्या माणसाला एक दिवस स्वतः ओढायला लावा. उघडी छत्री पाण्यातून ओढावी तसं येतं ते. मी सगळ्याला ६ च्या आसपासचं वापरतो. कशातच फार भारी नाही, पण कुठे अडतही नाही.

गळेकरकाका

एकच रील ठेवायचं असेल तर पाणकोंबडा म्हणतात ते ठीक. पण मिनेटोंकाकर, तो रेशो जरा बाजूला ठेवा. ५.३:१ म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल (ज्यावर लाइन गुंडाळली जाते ते) ५.३ वेळा फिरतं, एवढंच. लाइन किती आत येते ते स्पूलच्या घेरावर. तुमचं ६५०० भरल्या स्पूलला एका फेऱ्यात साधारण २६ इंच ओढतं. शिमानोचं ट्रँक्स ५०० पीजी आहे ४.६:१, म्हणजे आकड्यावरून तुमच्याहून हळू. प्रत्यक्षात ते ३० इंच ओढतं! त्याचाच भाऊ एचजी, ६.६:१, तो ४२ इंच. तेव्हा खोक्यावर रेशोच्या शेजारी इंचांचा आकडा असतो तो वाचायचा.

आता कुठल्या ल्युअरला काय? मी एकच बघतो: ल्युअर हलवतंय कोण, रील की रॉड?

बकटेल रील हलवतं. पाती फिरताहेत तोवर सगळा भार हँडलवर, सुटका नाही. इथे कमी रेशो आणि मोठं रील. ३० इंचवाल्याचे सेकंदाला दोन फेरे मारले तर ल्युअर ताशी साडेतीन मैलांच्या आसपास पळतं, डबल टेनला तेवढं भरपूर. खोल जाणारे क्रँकबेटही याच गटात.

बुलडॉग रॉड हलवतो. तुम्ही चार फूट ओढ दिलीत की रॉड पुढे आणताना ती चार फूट लाइन गोळा करायची. २६ इंचांच्या रीलवर जवळजवळ दोन फेरे, ४२ वर एकाहून जरासा जास्त. तुमचे हुक या फरकात हुकताहेत. आणि त्या वेळी हँडलवर वजन नसतं, त्यामुळे जास्त रेशोचा मनगटाला त्रास नाही. अगदी पाउंडर (बुलडॉगचा सर्वांत जड प्रकार) असला तरी भार रॉडवर, खांद्यावर येतो.

सुइकही रॉडचाच, पण त्याला थोडी सैल लाइन लागते. ओढल्यावर खाली जातो, सोडल्यावर वर तरंगत येतो. मासा बहुधा तेव्हाच धरतो. सगळी ढील झटक्यात खाऊन टाकलीत तर तो वर येणार कसा? ग्लाइड बेट (डावी-उजवीकडे घसरत जाणारं ल्युअर) मात्र काही जण रॉड न हलवता हँडलच्या पाव-पाव फेऱ्यांनी चालवतात. त्यांना कमी रेशो बरा, आमिष हातात राहतं.

टॉपवॉटरचं फार मनावर घेऊ नका. शेपूट फिरणारं असेल तर संथ, एकसारखं. तुमचं ६५०० झकास.

वर्मिलियनवासी

काकांशी अर्धा सहमत. मी सगळ्याला एचजीच वापरतो. हळू रीलला एका मर्यादेपुढे जोरात फिरवता येत नाही, जलद रील मात्र हळू फिरवता येतं. मस्की धरल्यावर सरळ बोटीकडे पळत आला तर? तेव्हा ४२ इंचच कामाला येतात. लांब पॉवर हँडल बसवलं की डबल टेनही निघतं.

गळेकरकाका

बोटीकडे पळणाऱ्या माशाचं अगदी मान्य. पण 'हळू फिरवता येतं' हे सकाळी. ऑक्टोबरच्या थंड पाण्यात ल्युअर रेंगाळायला हवं असतं, आणि बोटं गारठली की हात आपोआप भरभर चालतो. कमी रेशो तिथे लगाम घालतो. तुमचे खांदे तरुण दिसतात, चालू द्या.

मिनेटोंकाकर

मंडळी, आभार. म्हणजे खरेदी एकच करायची तर ४० इंचांच्या पुढचं रील घेऊन त्यावर बुलडॉग आणि सुइक, आणि ६५०० ला टॉपवॉटर व ८ नंबरच्या पात्यांची बकटेल. डबल टेनला तूर्त विश्रांती. एक शंका: माझ्या स्पूलवर लाइन काठोकाठ नाही, मग २६ तरी मिळत असतील का?

गळेकरकाका

नाही मिळणार. लाइन ताणून धरा, रीलपाशी मार्करने खूण, एक पूर्ण फेरा, परत खूण, मधलं अंतर टेपने मोजा. २२-२३ निघालं तर खाली बॅकिंग (भरावाची लाइन) घालून वर ८० पाउंडाची ब्रेड (विणलेली लाइन) काठापर्यंत भरा. लांब फेकल्यावरही घेर घटतो, म्हणून रील सुरुवातीला हळू ओढतं आणि ल्युअर बोटीजवळ येईल तसा वेग आपसूक वाढत जातो. मागे लागलेल्या मस्कीला तो वाढता वेग आवडतो असा माझा समज आहे. वर्मिलियनवाले यावरही वाद घालतील.

वर्मिलियनवासी

घालणारच. पण आधी त्यांना रील घेऊ द्या. आणि बायकोला सांगा, घरात आहे ते २६ इंची, हे ४२ इंची. टीव्हीच्या वेळी हाच मुद्दा आमच्याकडे चालला होता.