मदत हवी आहे: क्वेर्सेटिन आणि मधुमेही उंदरांचं मूत्राशय, प्रयोगाच्या आखणीत काय सुटतंय?

क्वेर्सेटिन (वनस्पतींतलं एक अँटिऑक्सिडंट) मधुमेहामुळे होणारं मूत्राशयाचं नुकसान रोखतं का, हे विस्टर (प्रयोगशाळेतली एक जात) उंदरांवर तपासायचं आहे. आखणी अशी: स्ट्रेप्टोझोटोसिन (इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून मधुमेह घडवणारं रसायन) ६० मिग्रॅ/किग्रॅ पोटात टोचून, ७२ तासांनी साखर २५० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर असलेलेच उंदीर घ्यायचे. गट तीन: निरोगी, मधुमेही, मधुमेही + क्वेर्सेटिन (५० मिग्रॅ/किग्रॅ तोंडावाटे, ८ आठवडे). शेवटी मूत्राशयाचं वजन, एमडीए (ऑक्सिडेशनने झालेल्या नुकसानीची खूण), एसओडी आणि ग्लुटाथायोन (शरीराची स्वतःची अँटिऑक्सिडंट) मोजायचं. वजन कमी भरलं तर ‘अँटिऑक्सिडंटमुळे संरक्षण’ असं लिहिता येईल का?

प्रतिसाद १
नाही, वजनावरून तर मुळीच नाही. मूत्राशय सुरुवातीला जाड होतं ते मुख्यतः लघवीच्या लोंढ्यामुळे. निरोगी उंदरांना पिण्याच्या पाण्यात ५% सुक्रोज दिलं तरी लघवी वाढते आणि मधुमेह नसताना स्नायू जाडावतो. हा गट घ्याच; त्याच्याशिवाय ऑक्सिडेटिव्ह ताणाचा (अँटिऑक्सिडंट ज्याला रोखतात त्या ऑक्सिडेशनच्या माऱ्याचा) वाटा वेगळा काढता येणार नाही.

दुसरी खाच अशी की या प्रयोगांत क्वेर्सेटिनमुळे साखरही उतरू शकते. साखर उतरली की लघवी कमी, लघवी कमी की मूत्राशय हलकं, आणि यात अँटिऑक्सिडंट गुणाचा संबंध येतोच असं नाही. म्हणून दर आठवड्याला साखर आणि मेटाबॉलिक केजमध्ये (लघवी वेगळी गोळा करणाऱ्या पिंजऱ्यात) २४ तासांची लघवी मोजा. दोन्ही मधुमेही गटांत हे आकडे सारखे राहूनही मूत्राशय सुधारलं, तर दाव्यात दम आहे. मधुमेही उंदीर रोडावतात, त्यामुळे शरीराच्या वजनाशी काढलेलं गुणोत्तर फुगतं. निव्वळ वजनही द्या.

८ आठवडेही अडचणीचे. त्या सुमारास स्नायू बहुधा जास्त जोराने आकुंचन पावतो, थकण्याचा टप्पा साधारण १२ आठवड्यांच्या पुढे दिसतो. मग ८ आठवड्यांना कार्बाकॉलने (स्नायू आकुंचन पाववणारं औषध) आकुंचन कमी दिसलं तर ती सुधारणा म्हणायची की बिघाड? शक्य असेल तर दोन्ही वेळा मोजा.

प्रतिसाद २
वरचं सगळं पटलं. हातच्या कामाचं सांगतो.

क्वेर्सेटिन स्ट्रेप्टोझोटोसिनच्या आधी किंवा सोबत कधीच नको. ते स्वादुपिंडातल्या बीटा पेशी वाचवू शकतं. मग मधुमेहच सौम्य होतो आणि श्रेय मूत्राशयाच्या संरक्षणाला जातं. ७२ तासांची साखर पक्की झाल्यावरच सुरू करा.

स्ट्रेप्टोझोटोसिन ०.१ मोलर सायट्रेट बफरमध्ये, पीएच ४.५, बर्फावर, उजेडापासून झाकून, आणि विरघळवल्यावर काही मिनिटांत टोचा. रेंगाळलात तर डोस उतरतो आणि निम्मे उंदीर मधुमेही होतच नाहीत. फुटलेल्या पेशींतून इन्सुलिन एकदम सांडतं, त्या घसरणीत उंदीर दगावतात. पहिले २४ तास १०% सुक्रोजचं पाणी ठेवा, नंतर साधं.

क्वेर्सेटिनच्या बाटलीवर डायहायड्रेट (रेणूसोबत पाणी असलेलं रूप) लिहिलंय का पाहा. तसं असेल तर ५० मिग्रॅसाठी ५६ मिग्रॅ तोला. ०.५% सीएमसीमध्ये (औषध पाण्यात तरंगतं ठेवणारा घट्टसर द्राव) ते तळाशी बसतं, प्रत्येक उंदराआधी हलवा. नुसतं सीएमसी बाकीच्या गटांनाही द्या.

एमडीएसाठी ऊतक थंड सलाइनने रक्त जाईपर्यंत धुवा, होमोजेनेटमध्ये (वाटलेल्या ऊतकात) बीएचटी (ऑक्सिडेशन थांबवणारं रसायन) घाला. नाहीतर नळीतच ऑक्सिडेशन होऊन आकडा चढतो. आकुंचन मोजायच्या स्नायूच्या पट्ट्यांसाठी वेगळे उंदीर राखा, एका मूत्राशयात सगळं मावत नाही.

प्रश्नकर्ता
सुक्रोज गटाची लघवी मधुमेही गटाइतकी झाली नाही तर?

प्रतिसाद १
तंतोतंत जुळेलच असं नाही. प्रत्येक उंदराची लघवी आणि मूत्राशयाचं वजन एकाच आलेखावर मांडा. मधुमेही उंदीर सुक्रोजवाल्यांच्या रेषेच्या वर सरकलेले दिसले, तर तेवढा भाग लघवीच्या पलीकडचा. नैतिक समितीकडे अर्ज करतानाच हा गट आणि मरतुकीचे जास्तीचे उंदीर धरा, मागाहून वाढवायचे तर पुन्हा मंजुरी लागते.