उमर खय्यामच्या हातातली तलवार काढून घ्या हो!

पुणेरी बोका:
परवा इथंच एकानं लिहिलं, '१९५७ चा हॉलिवूडचा ओमर खय्याम जरूर पाहा, मनोरंजनातून इतिहास कळतो.' दोन दिवस दुर्लक्ष केलं, राहवलं नाही, शेवटी बसलो लिहायला.

कसला इतिहास? इराणातल्या निशापूरचा हा माणूस. घन समीकरणांचे प्रकार पाडून, दोन शंकुच्छेद (शंकू कापल्यावर मिळणारे वक्र) एकमेकांना कुठे छेदतात त्यावरून त्यांची उत्तरं काढणारा. युक्लिडच्या समांतर रेषांच्या गृहीतकाशी झुंजणारा. सेल्जुक सुलतान मलिकशाहानं त्याला इस्फहानला बोलावून ग्रहताऱ्यांचे वेध घ्यायला बसवलं आणि १०७९ मध्ये जलाली कालगणना सुरू झाली. आज इराणात जी सौर दिनदर्शिका चालते तिचं मूळ तिथंच.

आणि पडद्यावर? खय्याम झालेला कॉर्नेल वाइल्ड मारेकऱ्यांच्या मागावर. प्रेयसी डेब्रा पॅजेट शाहाच्या जनानखान्यात. मध्येच पेरू देशाची ईमा सुमाक गळा काढते. अकराव्या शतकातल्या इराणात दक्षिण अमेरिका! त्या मारेकरी पंथाचा म्होरक्या हसन सब्बाह झालाय इंग्रज मायकेल रेनी. याला इतिहास म्हणायचं असेल तर आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या देखाव्यालाही म्हणा.

सांजवेळ:
बोकोबा, श्वास घ्या. आठवीत मला गणितात चौतीस पडले होते. त्या सुट्टीत मामाकडे व्हिडिओवर हाच चित्रपट पाहिला. नायक आवडला म्हणून मामाला विचारलं, हा खरा होता का? मामानं विश्वकोशाचा खंड पुढ्यात टाकला. कवी म्हणून शोधायला गेले, सापडला गणिती. तुमचे शंकुच्छेद वाचून कुणी खय्यामकडे वळल्याचं मला तरी माहीत नाही. तलवार बघून मी वळले.

तिरकसराव:
+१. शिवाय मलिकशाहाचा वजीर निजाम-उल-मुल्क, हसन सब्बाह आणि खय्याम हे तिघे शाळासोबती होते, ही गोष्ट काही हॉलिवूडनं रचलेली नाही. जुनी फारसी पुस्तकंच ती सांगतात. इराण्यांनाच मसाला आवडत होता, दिग्दर्शकाला का बोल लावता?

पुणेरी बोका:
राव, निजामाचा जन्म १०१८ चा, खय्यामचा १०४८ चा. तीस वर्षांचं अंतर. इतकी वर्षं एकाच वर्गात बसलेला विद्यार्थी पुढे वजीर कसा झाला? गंमत म्हणजे पडद्यावर निजाम झालेला सेबॅस्टियन कॅबट वयानं वाइल्डपेक्षा लहान!

आणि सांजवेळ, चौतीसचे पुढे किती झाले?

सांजवेळ:
एकोणचाळीस. हसू नका.

अक्षरशत्रू:
चित्रपटाला कशाला झोडता? मुळात सगळा बिघाड १८५९ मध्ये फिट्झजेराल्डनं खय्यामच्या रुबाया, म्हणजे चार ओळींच्या कविता, इंग्रजीत आणून केला. पंचाहत्तर कडवी. पुस्तिका खपेना म्हणून शेवटी प्रती एका पेनीला एक अशा विकायला ठेवल्या. पुढे तीच पुस्तिका जगभर गेली आणि खय्याम म्हणजे झाड, सुरई, पोळी, सखी एवढंच उरलं. आपले माधव ज्यूलियन निदान फारसी शिकून मुळावर गेले, 'उमरखय्यामकृत रुबाया' थेट फारसीवरून केल्या. पण गंमत बघा, लोकांच्या तोंडी 'द्राक्षकन्या', म्हणजे फिट्झजेराल्डवरून केलेली!

कोशकीटक:
माधवरावांचं नाव निघालंच आहे तर अवांतर: १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश करणारा, गझल मराठीत रुजवणारा हा माणूस पुढे भाषाशुद्धीचा कट्टर पुरस्कर्ता झाला. कोडं आहे. फारसी काढायची म्हटली तर दप्तर, शाई, चिटणीस, फडणीस, पगार, सगळं जाईल. मराठी माणूस मुका होईल.

तिरकसराव:
पगार पोर्तुगीज आहे, कीटकमहाराज.

कोशकीटक:
मान्य. घाईत लिहिलं. बाकीच्यांबद्दल बोला.

अक्षरशत्रू:
बोलतो की. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा कोश करवून घेतला, तो उगाच? तुमच्यासारखे लोक गुलामीच्या खुणा दागिन्यासारख्या मिरवतात.

कोशकीटक:
'खुणा मिरवतात' म्हणे! आणि तुम्ही वर खय्यामची 'सुरई' लिहिलीत ती अरबी वळणाची. आधी तुमच्या प्रतिसादाची शुद्धी करा, मग माझी. माझे आजोबा मोडी वाचायचे. पेशवे दप्तरातल्या एका ओळीत निम्मे शब्द फारसी-अरबी. ती पत्रं लिहिणारे काय गुलाम होते?

गोदाकाठ:
तुमचं चालू द्या. मला मात्र खय्याम या नावाचाच राग आहे. माझे वडील साखर कारखान्यात होते. दर शनिवारी मित्र जमवायचे आणि ग्लास भरला की रुबाया म्हणायचे. आवाज सुरेख होता. 'आजचा क्षण जगून घे.' आईच्या पाटल्या त्या क्षणांत गेल्या. आम्ही पोरं आतल्या खोलीत टाळ्या ऐकायचो. त्यामुळे कुणी तत्त्वज्ञान वगैरे म्हणालं की मी उठून जाते.

कोशकीटक:
अवांतर: दारू हा शब्दही फारसीच. मूळ अर्थ औषध.

गोदाकाठ:
कोशकीटक, तुम्हाला कुठे काय लिहावं याचा पोच आहे का?

कोशकीटक:
चुकलं. मागे घेतो. व्युत्पत्तीचा नाद वाईट.

पुणेरी बोका:
गोदाकाठ, वाचून वाईट वाटलं. पण राग खय्यामवर नको. त्याच्या नावावरच्या रुबायांपैकी खरोखर त्याच्या किती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. समीकरणांवरचा ग्रंथ मात्र नक्की त्याचा. तो वाचून कुणी पाटल्या विकल्या नसत्या.

गोदाकाठ:
रुबाया त्यानं लिहिल्या की दुसऱ्या कुणी, पाटल्या आमच्याच गेल्या ना?

सांजवेळ:
त्याची जन्मतारीख, १८ मे १०४८, कुणी काढली माहितेय? स्वामी गोविंदतीर्थ नावाच्या आपल्याकडच्या संन्याशानं! बैहकी या जुन्या चरित्रकारानं खय्यामची कुंडली नोंदवली होती: लग्नी मिथुन, तिथंच सूर्य-बुध. स्वामींनी त्यावरून मागे मोजत तारीख गाठली. बोकोबा, यावर चित्रपट निघाला तर तलवार लागणार नाही.

तिरकसराव:
निघाला तर तिकीट तुम्ही दोघंच काढाल. मला नटसंच द्या, पडदा द्या, ईमा सुमाकसुद्धा चालेल.

पुणेरी बोका:
ठीक. एवढं कबूल करतो की सांजवेळ यांना पाच मार्क चित्रपटामुळे जास्त मिळाले. हॉलिवूडचं गणित अध्यापनातलं योगदान म्हणून नोंद करून ठेवा.

माझी मागणी साधी होती. खय्यामला भेटलेला फारसी लेखक निजामी अरूझी लिहितो, 'माझी कबर अशा जागी असेल की झाडं तिच्यावर फुलं ढाळतील' असं खय्याम म्हणाला होता. पुढे अरूझी निशापूरला गेला, तर बागेच्या भिंतीलगतची कबर नासपती आणि जर्दाळूच्या मोहरानं झाकून गेलेली. तो रडला. एवढा आयता शेवट हाताशी असताना यांना मारामारी सुचते!

आता हा धागा खय्यामवर परत आणा. 'खय्याम' म्हणजे तंबू शिवणारा, इतकंच सांगतो. तंबूची व्युत्पत्ती कुणी काढली तर मी निघालो.

अक्षरशत्रू:
तंबू फारसीतूनच आला ना?

कोशकीटक:
थांबा, कोश बघून सांगतो.