मदत हवी आहे: छल-जातीशिवायची (फसव्या युक्त्या न वापरता केलेली) वितंडा न्यायशास्त्राला मान्य होती का?

महाविद्यालयीन वक्तृत्व मंडळासाठी न्यायदर्शनातल्या (तर्क आणि ज्ञानाचा विचार करणाऱ्या भारतीय दर्शनातल्या) वाद (सत्य शोधण्यासाठीची चर्चा), जल्प (जिंकण्यासाठीची चर्चा), वितंडा (स्वतःचा पक्ष न मांडता केवळ समोरच्याचं खंडन) या तीन कथांवर, म्हणजे चर्चेच्या प्रकारांवर, टिपण लिहितोय. वादापाशी अडचण नाही. अडलोय ते वितंडेपाशी.

न्यायसूत्र १.२.३ प्रमाणे प्रतिपक्षाची स्थापना नसलेला जल्प म्हणजे वितंडा. जल्पात छल (समोरच्याच्या शब्दांचा मुद्दाम वेगळा अर्थ लावणं), जाती (वरवरच्या साम्य-भेदावरून घेतलेले फसवे आक्षेप), निग्रहस्थानं (हार ठरवणाऱ्या चुका) चालतात, म्हणजे वितंडेतही ती आलीच. पण ४.२.५० मध्ये या दोन्ही कथा तत्त्वरक्षणासाठी आहेत असं म्हटलंय, कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण असावं तशा. मला हे सूत्र फार मोलाचं वाटतं. शिवाय बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन 'विग्रहव्यावर्तनी'त आपली कोणतीच प्रतिज्ञा (सिद्ध करायचं विधान) नाही असं म्हणतो. त्याच्या खंडनाला निव्वळ कुरघोडी म्हणणं मला पटत नाही.

सूत्रं आणि त्यांवरचं वात्स्यायनभाष्य वाचून झालंय. वैतंडिकाला (वितंडा करणाऱ्याला) प्रयोजन विचारून भाष्यकार त्याला कोंडीत पकडतात, तेही पाहिलंय. उद्योतकर आणि उदयन हे नंतरचे नैयायिक (न्यायदर्शनाचे पंडित) मात्र वाचलेले नाहीत. संस्कृत मूळ सावकाश वाचता येतं, पण मराठी किंवा हिंदी विवरण सोबत असेल तर बरं. ग्रीक तर्कशास्त्राशी तुलना सध्या नको.

छल-जाती न वापरता, केवळ सत्यशोधनासाठी केलेली वितंडा असा वेगळा प्रकार कुणा नैयायिकाने मानलाय का, आणि असल्यास कोणत्या ग्रंथात, कोणत्या सूत्रावरच्या चर्चेत?