मदत हवी आहे: ब्रिटिश पायदळाच्या छोट्या मॉडेल शिपायांचा बॉक्स कुठेच मिळत नाहीये

अर्धीपलटण:
जिथे बघावं तिथे आउट ऑफ स्टॉक. एका दुकानदाराने तर प्रीऑर्डर घेतली, पैसे घेतले आणि आता म्हणतो मागूनच माल आला नाही, पैसे परत घ्या. पैसे परत घेऊन करू काय? ब्रिगेड जवळजवळ पूर्ण झालीये, एकच बटालियन राहिलीये, शिपायांखालचे बेस कापून ठेवलेत आणि टेबलावरच्या लढाईचा मोठा गेम तोंडावर आलाय. कुठे मिळेल कोणाला माहितीये का? नाहीतर दुसरं काय चालेल ते सांगा, पण लवकर.

तोफखाना:
कुठलं युद्ध? कुठली साइज? प्लास्टिक की मेटल? लाल कोटवाले की खाकीवाले तेवढं तरी सांगा.

रेझिनवाला:
युद्ध कुठलंही असो, थ्रीडी प्रिंटर घ्या. स्टॉकची कटकटच संपली. फाइल घ्यायची, रात्री लावून झोपायचं, सकाळी पलटण तयार.

तोफखाना:
सकाळी तयार नसते हो. सकाळी आयपीएमध्ये (अल्कोहोलमध्ये) धुवायचं, आधाराच्या काड्या तोडायच्या, यूव्ही दिव्याखाली कडक करायचं, हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून. एवढं करून संगीन पहिल्याच गेममध्ये तुटते.

रेझिनवाला:
नुसत्या साध्या रेझिनची तुटते. त्यात थोडं फ्लेक्सिबल मिसळा, वाकते पण तुटत नाही. वापरून बघा आणि मग बोला.

बहात्तरी:
१/७२ स्केलच्या छोट्या शिपायांवर या राव. तेवढ्याच टेबलावर दुप्पट फौज बसते आणि लढाई लढाईसारखी दिसते.

अर्धीपलटण:
अहो वॉटर्लू, नेपोलियनविरुद्धची १८१५ ची लढाई! शिपाई साधारण २८ एमएम उंचीचे, हार्ड प्लास्टिक. १/७२ माझ्या बाकीच्या फौजेशेजारी उभे केले तर शाळेतली पोरं वाटतील. आणि प्रिंटर घेणार नाहीये, त्यावर परत नको.

ब्रशझिजला:
लाल कोटावर काळा वॉश (घड्यांत उतरणारा पातळ रंग) मारू नका, कोट मळकट दिसतो. तपकिरी मारा, मग घड्यांच्या कडांवर परत मूळ लाल ओढा. फार फरक पडतो.

अर्धीपलटण:
रंगाचं विचारलंच नाहीये मी.

साचेकाम:
बॉक्स का येत नाही ते सांगतो, म्हणजे नुसती वाट बघत बसायचं की नाही ते ठरवता येईल. प्लास्टिकचा साचा धातूचा, मशीनवर चढवायचा म्हणजे मोठं काम, म्हणून एकदा चढवला की भरपूर माल काढून घेतात आणि मग दुसऱ्या बॉक्सचा नंबर. छोट्या कंपन्या बऱ्याचदा दुसऱ्याच्या मशीनवर काढून घेतात, तिथे त्यांचा नंबर कधी लागेल ते त्यांच्या हातात नसतं. 'तात्पुरतं संपलं' असं लिहिलं असेल तर माल येतो, पण कधी ते सांगता येत नाही. मेटलचं तसं नसतं. रबराचा साचा, गरगर फिरवत ओतायचं, एका वेळी मोजकेच शिपाई निघतात, त्यामुळे ऑर्डर आली की ओतणारे आजही आहेत. त्यांना मेल टाका. फक्त मेटलला सुपरग्लू लागेल, प्लास्टिकच्या गोंदाने ते चिकटत नाही.

तोफखाना:
आणि मापाचं बघा. २८ एमएम सगळ्यांचं सारखं नसतं, काहींची डोकी आणि हात जाडजूड असतात. एका बटालियनमध्ये दोन उत्पादकांचे शिपाई मिसळू नका. वेगळ्या बटालियनला चालतं.

कोटबटण:
एक राहिलंच. राहिलेली रेजिमेंट कुठली?

अर्धीपलटण:
वॉटर्लूला लढलेल्या जनरल केम्प्टची ब्रिगेड करतोय. ३२वी, ७९वी आणि ९५व्या रायफल्स झाल्या. २८वी राहिलीये. त्याने काय फरक पडतो, लाल कोटच ना.

कोटबटण:
सगळा फरक त्यानेच पडतो! तुम्ही शोधताय तो बॉक्स बेल्जिक शाकोचा (शाको म्हणजे शिपायांची उंच टोपी) असणार, पुढची बाजू उंच, तुरा डावीकडे, पुढून गोंड्याची दोरी. तो १८१२ चा नमुना. पण २८वी नॉर्थ ग्लॉस्टरशायर १८१५ लाही जुन्या स्टोव्हपाइप शाकोतच होती, सरळ नळकांड्यासारखा, तुरा समोर मधोमध. म्हणजे 'पेनिन्सुला' (स्पेन-पोर्तुगालमधलं आधीचं युद्ध) लिहिलेला बॉक्स घ्या, तो मिळतोय का बघा.

तोफखाना:
वॉटर्लूला स्टोव्हपाइप फक्त लाइट इन्फन्ट्री आणि रायफल्सकडे होता.

कोटबटण:
आणि २८वीकडे. लाइन, म्हणजे साधी पायदळ रेजिमेंट असून त्यांनी तो ठेवला होता, म्हणून तर ती वेगळी ओळखू येते. १८०१ मध्ये अलेक्झांड्रियाला पाठीला पाठ लावून लढले तेव्हापासून शाकोच्या मागच्या बाजूलाही छोटा बिल्ला असतो. ग्रीन स्टफचा (मॉडेलच्या पुट्टीचा) ठिपका लावा, त्यावर पितळी रंग.

अर्धीपलटण:
पेनिन्सुलावाला आत्ता दोन ठिकाणी स्टॉकमध्ये दिसतोय! एक ऑर्डर केला. खांद्याचं काय, त्यात विंग्जवाले (खांद्यावर बाहेर आलेली पट्टी) आणि बिनविंग्जचे दोन्ही हात आहेत.

कोटबटण:
बटालियनमधल्या मधल्या कंपन्यांना (तुकड्यांना) साधे, ग्रेनेडियर आणि लाइट कंपनीला विंग्ज. कॉलर-कफ पिवळे, रेजिमेंटचा झेंडाही पिवळाच.

ब्रशझिजला:
पिवळा थेट काळ्या प्राइमरवर देऊ नका, झाकत नाही. खाली फिकट तपकिरी द्या.

अर्धीपलटण:
हे मात्र लागणार आहे. तपकिरी नेमका कुठला?

रेझिनवाला:
मागचा बिल्ला प्रिंट करून घेता येईल, कोणाला फाइल हवी असेल तर सांगा.