प्रॉफ्लिगेट : उधळ्या, छंदीफंदी की बेशिस्त?

प्रश्न : महापालिकेच्या खर्चावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणायचा आहे. त्यात 'प्रॉफ्लिगेट' सारखा येतो. कोशात 'उधळ्या' आणि 'दुराचारी' असे दोन्ही अर्थ दिलेत. हे एकत्र कसे? आणि 'एक्स्ट्रॅव्हॅगंट'पेक्षा हा वेगळा कुठे?

उत्तर : दोन्ही अर्थ खरे, पण दुराचारी हा आधीचा. लॅटिन 'प्रॉफ्लिगारे' म्हणजे पाडणे, धुळीला मिळवणे. त्यातला 'फ्लिगेरे' (आपटणे) कॉन्फ्लिक्ट, इन्फ्लिक्टमध्येही आहे. म्हणजे आधी व्यसनांपायी कामातून गेलेला माणूस, मग पैसा तसा घालवणारा. जुन्या इंग्रजी कादंबरीत शब्द भेटला तर 'छंदीफंदी' लिहा. आजच्या वर्तमानपत्रात बहुतेक वेळा पैशाचीच गोष्ट असते.

'एक्स्ट्रॅव्हॅगंट'चा मूळ अर्थ हद्दीबाहेर भटकणारा. म्हणून तो पैशापुरता नाही : दावा असेल तर अवाच्या सवा, स्तुती असेल तर अतिशयोक्त, किंमत असेल तर अवाजवी. 'लॅव्हिश' आणखी सौम्य, थाटामाटाचा, सढळ हाताचा. मंगल कार्यालयाच्या जाहिरातीत लॅव्हिश शोभतो. तिथे प्रॉफ्लिगेट छापलात तर मालक भांडायला येईल. या शब्दात दोष ठरलेलाच असतो.

पुरवणी : 'उधळणे' या क्रियापदात मात्र दोष नाही. बाळे येथील खंडोबाला भंडारा उधळतात, स्तुतिसुमनं उधळतात, बैलही उधळतो. 'पट्टी' लागली की ठपका आला. शिवाय उधळपट्टीचा ओढा पैशाकडे. अन्नाची आणि पाण्याची नासाडी होते, वेळेचा अपव्यय होतो. 'वेळेची उधळपट्टी' कानाला खटकते.

तुमच्या लेखासाठी आधी पाहा, विशेषण कोणाला लागलंय. माणूस असेल तर उधळ्या. एखादा समारंभ किंवा खरेदी असेल तर उधळपट्टी. वर्षानुवर्षांचं धोरण असेल तर दोन्ही तोकडे पडतात. 'फिस्कल प्रॉफ्लिगसी'ला 'वित्तीय बेशिस्त' लिहावं, कारण उलट बाजूला 'वित्तीय शिस्त' हा शब्द आधीच रुळलाय आणि वाचकाला जोडी लगेच लागते. एका शब्दासाठी सगळीकडे एकच प्रतिशब्द ठोकून देऊ नका, तिथेच भाषांतर कडक होतं.

आणखी एक : फुटबॉलच्या बातमीत 'प्रॉफ्लिगेट' खेळाडू आला तर पैशाचा काही संबंध नाही. गोलसमोर हातची संधी वाया घालवणारा, इतकंच.

उच्चाराचं : जोर पहिल्या 'प्रॉ'वर, शेवटचा 'गेट' जवळजवळ 'गट'.

चुकणारे शेजारी शब्द : 'स्पेंडथ्रिफ्ट'मधल्या 'थ्रिफ्ट'मुळे अनेकजण काटकसरी समजतात. अर्थ नेमका उलटा आहे : थ्रिफ्ट म्हणजे साठवलेलं, आणि ते खर्चून टाकणारा तो स्पेंडथ्रिफ्ट. 'प्रॉडिगल'चं वेगळंच झालं. लूकच्या शुभवर्तमानातल्या १५व्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राची गोष्ट परत येण्यासाठी लक्षात राहिली, म्हणून 'घर सोडून परतलेला' असा अर्थ लोक धरतात. शब्दाचा अर्थ फक्त उधळ्या. 'प्रॉडिजियस' (प्रचंड) त्याचा कोणी नव्हे.

सोलापूरकरांसाठी : पूर्व भागातल्या तेलुगूत वायफळ खर्चाला 'दुबारा' म्हणतात. कन्नडमध्ये 'दुबारी' म्हणजे महाग, तर उधळपट्टीला 'दुंदुवेच्च'. वेच्च म्हणजे खर्च. हिंदीतला 'दोबारा' म्हणजे पुन्हा. तेव्हा तेलुगू बोलणाऱ्याच्या तोंडून 'दुबारा खर्च' ऐकलात तर 'दुसऱ्यांदा केलेला खर्च' असं लिहून मोकळे होऊ नका.