मदत हवी आहे: गच्चीवर ड्रोनला कंपास इंटरफेरन्सची वॉर्निंग

आरसीसी गच्चीवर ड्रोन ठेवला की त्याच्या कंपासला (दिशा ओळखणारा सेन्सर) चुंबकीय अडथळा येत असल्याची वॉर्निंग येते. छातीएवढा उचलला की जाते, खाली टेकवला की पुन्हा हजर! स्लॅबमधल्या सळयांचाच प्रताप असणार.

मोबाईल, घड्याळ, किल्ल्या लांब ठेवून पाहिलं, फरक नाही. फर्मवेअर ताजं, जीपीएस सॅटेलाइट भरपूर. मोकळ्या मैदानात वॉर्निंग येत नाही, कंपासचं कॅलिब्रेशनही (दिशा नव्याने जुळवून घेणं) तिथेच केलंय. गच्चीवर मुद्दाम टाळलं, सळयांजवळचं चुकीचं रीडिंग सेव्ह व्हायला नको.

खाली झाडं आणि विजेच्या तारा, त्यामुळे उड्डाण गच्चीवरूनच. हातातून टेकऑफ नको, प्रोपेलर बोटांच्या फार जवळ येतात.

उंच प्लास्टिक स्टुलावर वॉर्निंग आली नाही तर तिथून उडवणं सुरक्षित आहे का? ड्रोन स्टुलावर ठेवूनच ऑन करावा, की जमिनीवर ऑन करून उचलला तरी हेडिंग (तोंड कुठल्या दिशेला आहे ते) बरोबर धरतो?